वाचनालयातल्या ताईंना, मुंगीच्या पायांबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, आणि तुमच्या कार्यकारिणीला त्यात भलतंच काही दिसायचं. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून रजिस्टरात डोकं घालता, म्हणून हे उघड पत्र. परळ-लालबागकडच्या मंडळींपैकी ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

आमच्या धाकटीला वाचनाची आवड नाही, असा निकाल कधीच लागला होता. गोष्ट सुरू केली की ती विचारायची, "हे खरंच झालं का?" नाही गं, गोष्ट आहे, म्हटलं की उठून खिडकीशी. नातेवाइकांनी वाढदिवसाला संस्कारकथांचे गठ्ठे आणून दिले. शेवटी तात्पर्य, तात्पर्याखाली प्रश्न. सुट्टीतही गृहपाठ! शाळेत पुस्तकांचं कपाट आहे. पालकसभेत ते अभिमानानं दाखवलंही, पण कुलपासकट. मुलं फाडतात म्हणे. फाटण्याइतकी हाताळली गेली तर आनंदच व्हायला हवा, पण ते कोण सांगणार.

मग एका मोठ्या, एसी दुकानात गेलो. मराठी मुलांची पुस्तकं कुठे, तर सगळ्यात खालच्या फळीवर, त्यातही निम्म्या रंगवायच्या वह्या. कीटकांच्या एका पुस्तकात कोळ्याचं पान होतं. ही म्हणाली, "कोळी कीटक नाही. त्याला आठ पाय असतात." विक्रेता हसला. "बाळा, पुस्तकात छापलंय ना? मग बरोबरच असणार." वर तेच पुस्तक माझ्या हातात कोंबून, दोन घेतलीत तर तिसरं फुकट, हेही सांगून झालं. घरी येईपर्यंत ती अवाक्षर बोलली नाही.

त्यामुळे तुमच्या बालविभागाचा जिना चढताना माझ्या फार अपेक्षा नव्हत्या. तुम्ही मला बाकावर बसवलंत आणि तिलाच विचारलंत, "दिवसभर काय बघत असतेस गं?"

"मुंग्या."

तुम्ही उठून तीन-चार पुस्तकं काढून आणलीत. त्यातलं एक तिनं उघडलं, बराच वेळ एकाच पानावर थांबली, आणि म्हणाली, "हे चुकलंय." माझ्या पोटात गोळा आला. आता इथेही तेच ऐकायला मिळणार.

तुम्ही म्हणालात, "चल, बघू या." खणातून भिंग काढलंत, पुसट झालेल्या नोंदी वाचायला ठेवलेलं, आणि दोघी खिडकीच्या कट्ट्यावर ओणव्या झालात. तिथे बिस्किटाच्या चुऱ्याला रांग लागली होती. काळ्या मुंग्या भिंगाखाली थांबतात कुठे! शेवटी एकीला झेपेना एवढा कण मिळाला, ती तिथेच ओढाताण करत राहिली, आणि धाकटीला मोजता आलं. डोकं, मधला भाग, मागचं फुगीर पोट. सहाच्या सहा पाय मधल्या भागाला. पुस्तकातल्या मुंगीचे मागचे दोन पाय थेट पोटातून फुटलेले. चित्रकारानं जागा दिसली तिथे पाय काढून टाकले होते.

मला वाटलं, आता शाबासकी मिळेल आणि विषय संपेल. तुम्ही जुन्या पावतीपुस्तकातला कागद फाडलात, पट्टी धरून त्याचा सरळ तुकडा कापलात आणि कोऱ्या बाजूवर लिहिलंत, "मुंगीचे सगळे पाय शरीराच्या मधल्या भागाला असतात. या चित्रात दोन पाय पोटाला दाखवले आहेत." मग गोंदाची बाटली उघडण्याआधी चिठ्ठी तिच्यासमोर धरलीत. "वाच बरं. बरोबर लिहिलंय ना मी?"

तिनं वाचली. म्हणाली, "'सगळे' नको, 'सहा' लिहा. नाहीतर कुणाला आठ वाटतील."

तुम्ही 'सगळे' खोडलंत, वर 'सहाही' लिहिलंत, खाली 'तपासलं : इयत्ता तिसरी' अशी ओळ घातलीत आणि चिठ्ठी त्या पानाच्या समासात चिकटवलीत.

ताई, ते "बरोबर लिहिलंय ना मी" माझ्या मनातून जात नाही. पोरांचं कौतुक सगळेच करतात. कौतुक करून आपलं तेच पुढे चालू ठेवतात. तुम्ही तिच्या हाती तुमचं अक्षर तपासायला दिलंत. आणि तिनं खोड काढल्यावर तुमच्या कपाळावर आठी नाही, की "बघा किती चुणचुणीत" म्हणून माझ्याकडे वळून हसणं नाही. दोन माणसांनी मिळून एक काम पुरं केलं, इतकंच. नंतर त्या पुस्तकाचं काय झालं हे विचारायला ती स्वतः तुमच्या टेबलाशी आली. ही मुलगी पाहुण्यांसमोर दाराआड लपते, हे तुम्हाला ठाऊक नाही.

त्यानंतर पुस्तकं निवडताना तुमच्या शेजारी उभी राहून मीही बरंच उचललं. मुखपृष्ठावरचा वयाचा आकडा तुम्ही बघतच नाही. चित्रकथा असली तर हातानं मजकूर झाकून नुसती चित्रं बघायची. ससा पळाला असं लिहिलंय आणि चित्रातही ससा नुसता पळतोय, तर दोघांपैकी एक फुकट पगार खातोय, हे तुमचं वाक्य मी घरी सगळ्यांना ऐकवलं. भाषांतर असेल तर मधलंच एखादं पान मोठ्यानं वाचायचं. जीभ अडखळली की ठेवून द्यायचं. माहितीचं पुस्तक असेल तर आधी आपल्याला पक्कं ठाऊक असलेलं पान काढायचं. उंटाच्या मदारीत पाणी साठवतात असं छापलंय? तिथे चरबी असते. नऊ ग्रह मोजलेत? प्लूटोला २००६ मध्येच बटुग्रहांत टाकलं. जिथे आपल्याला कळतं तिथेच घसरलेलं पुस्तक, आपल्याला न कळणाऱ्या पानांवर काय करत असेल!

फ्लेमिंगोंचं पुस्तकही तुम्हीच सुचवलंत. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळं आणि कोळंबीच्या जातीचे बारीक जीव यांच्यातून, आणि पिल्लं आधी करडी असतात, हे तिला त्यात मिळालं. चित्रं मात्र सगळी आफ्रिकेतल्या तळ्यांची. तुम्ही हळूच म्हणालात, "शिवडीला जाऊन या की. थंडीत खाडीवर येतात." गेलो. ओहोटीची वेळ साधली, चिखलात थवाच्या थवा उतरलेला. इतकी वर्षं मी हार्बरच्या गाडीतून शिवडी स्टेशन ओलांडतेय, कधी उतरले नव्हते.

पैशांचा विषय मी काढलाच नव्हता, तरी तुम्हाला तो कळला. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं किती स्वस्त पडतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीतलीसुद्धा किती फुकट वाचता येतात, तूलिका ही प्रकाशनसंस्था चेन्नईची असून मराठीतही पुस्तकं काढते, हे तुम्ही पुस्तक बदलून देता देता सांगितलंत, म्हणजे मला ते कानावर पडल्यासारखं वाटावं.

१९६७ चा ग्रंथालय कायदा, त्याखाली वाचनालयांना अनुदानासाठी पाडलेले अ-ब-क-ड वर्ग, आणि त्या अनुदानातून कर्मचाऱ्यांच्या हातात काय पडतं, हे या शहरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. एवढ्यावर माणसानं खिडकीशी बसून नुसते शिक्के मारले असते तर कोण बोलणार होतं? पण अशी माणसं आहेत खरी. म्हातारीचा दुसरा पाय पायरीवर येईपर्यंत घंटी न देणारा बेस्टचा कंडक्टर, मापात चार दाणे वरच टाकणारा आमच्या नाक्यावरचा वाणी. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी बघतही नसतं. त्यांच्यामुळेच इथे राहणं जमतं, नाहीतर मुंबई सोडायची कारणं काय कमी आहेत?

धाकटीनं तुमच्यासाठी वेगळा निरोप दिलाय, तसाच लिहिते. गोगलगाईच्या पुस्तकात दात असल्याचं लिहिलंय, ते तिला खोटं वाटत होतं, पण तिनं दुसऱ्या पुस्तकात पडताळून पाहिलं आणि ते खरं आहे, तेव्हा तिथे चिठ्ठी लावू नये.

येत्या शनिवारी आमच्या मजल्यावरची आणखी दोन मुलं सोबत येतील. त्यातल्या एकाला फक्त ट्रक आणि जेसीबी आवडतात. काही असेल तर काढून ठेवा. दोघांचे सभासद फॉर्म भरून आणते. अनामत रक्कम वाढलीय असं खाली वॉचमन म्हणाला, किती ते फोनवर कळवाल का?

तुमची,
तिसरीतल्या मुलीची आई