शेट, तुम्ही पंखा बंद केलात

शेट, सप्रेम नमस्कार.

आपण बोलतो कोकणीत, पण तुमचं सोनाराचं दुकान उघडून उदबत्ती लावली की तुम्ही पहिल्यांदा मराठी पेपर उलगडता, हे समोर चहा पिताना मी कितीतरी वर्षं पाहत आलोय. म्हणून हे पत्र मराठीत. आणि चारचौघांत, कारण पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि तोंडावर आभार मानायला गेलो तर "सोडून दियात, मास्तर" म्हणून आत निघून गेलात. पेपरातून उठून आत जाता येत नाही.

तो मे महिन्यातला दिवस. पाऊण वाजला होता आणि तुम्ही शटर ओढायची आकडी हातात घेऊन बाहेर आला होता. गोव्यातल्या आपल्या कुडचड्यात एक ते चार या वेळात कोणाच्या दारी जाऊ नये, हे मलाही कळतं. माणूस जेवून आडवा झालेला असतो. तरी आलो. सकाळीच आणखी एकाने हसून वाटेला लावलं होतं आणि ती वस्तू तशीच घरी परत न्यायची हिंमत राहिली नव्हती. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, आत कापूस, आणि कापसावर काडेपेटीएवढी एक सिग्नलची केबिन: काळीठिक्कर पडलेली, एका बाजूने पापडासारखी मुरडलेली.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही, म्हणून थोडं मागे जातो.

वीस वर्षं मी घरच्या मागच्या खोलीत एका फळीवर मीटर गेजच्या, म्हणजे मीटरभर रुंद रुळांच्या काळातलं, घाटाच्या पायथ्याचं कुळे स्टेशन छोट्या मापात बांधतोय. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, उदबत्तीच्या काड्या, डिंक. (या मापात मीटर गेज पावणेसात मिलिमीटर भरतं आणि माझे रूळ नऊचे आहेत, जाणकारांनी तिकडे दुर्लक्ष करावं.) दर पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, बुरशी धरतो, उरलेलं कसर खाते, आणि दिवाळीनंतर मी पुन्हा गोदाम बांधायला घेतो. माझा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो, आपल्याकडची शेकडो मुलं गेली तसाच गोदामात रात्रपाळी करायला. त्या गावात १८४३ साली सुरू झालेला रेल्वेचा प्रचंड कारखाना होता. तो १९८६ मध्ये बंद पडला आणि त्याच्या एका इमारतीत आता रेल्वेचं संग्रहालय आहे. सुटीच्या दिवशी पोरगा तिथे फिरतो आणि मामाची आठवण काढतो. गेल्या चवथीला, म्हणजे गणपतीला, आला तो माझ्यासाठी एक पाकीट घेऊन. "मामा, हें फुगचें ना," म्हणाला.

पाकिटात पितळेचा पत्रा. पाव मिलिमीटर जाडीचा. त्यावर प्रकाशाने आकृती उतरवून तो फेरिक क्लोराईडमध्ये सोडतात, नको तेवढं पितळ रसायन खाऊन टाकतं. जिथे घडी घालायची तिथे एकाच बाजूने अर्धं खाल्लेलं असतं, म्हणजे पत्रा वहीच्या पानासारखा दुमडतो. विटांच्या ओळी, जिन्याच्या पायऱ्या, खिडक्यांच्या केसाएवढ्या पट्ट्या, सगळी इमारत एका पोस्टकार्डावर आडवी झोपलेली. ती उठवून उभी करायची. किती पौंड मोजले ते पोराने सांगितलं नाही. किमतीचं लेबल मात्र खरवडून काढलेलं होतं, त्यावरून काय ते समजलो.

मी ती उठवायला घेतली आणि मारून टाकली. जिना उलटा दुमडला, सरळ करायला गेलो तर दोन पायऱ्या तुटून हातात आल्या. पितळ एकदा वाकवलं की ताठर होतं, परत वाकवलं की तुटतं, हे तुमच्याकडची दहा वर्षांची पोरंही सांगतील. मी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं, हे कोण सांगणार? एक कोपरा झाळून जोडला की दुसरा सुटायचा. रंग लावला तो पंधरा दिवसांत नखाने सालीसारखा निघाला.

मग मदत मागायला बाहेर पडलो. नावं घेत नाही, घ्यायची इच्छा मात्र फार आहे. एका मोठ्या शहरातल्या खेळण्यांच्या रेल्वेच्या दुकानात फोन केला तर, माल आमच्याकडून घेतलेला नसेल तर प्रश्न विचारू नका, असं उत्तर मिळालं. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने "अंकल, नातवाचं खेळणं ना?" म्हणून डबा काउंटरच्या कडेला सारला आणि चार दिवसांनी तसाच परत केला. त्याने निदान काही बिघडवलं नाही. गाड्या रंगवणाऱ्या एका गॅरेजवाल्याने, मी नको नको म्हणत असताना, दरवाजाचा पोचा बुजवावा तसा रंगाचा जाड थर मारला, आणि विटा, खिडक्या, पट्ट्या सगळं त्याखाली गाडलं गेलं. त्याचे पैसे मात्र घेतले. आणि मग तो शेडवाला. ग्रिल आणि गेट करणारा. "ठेवून जा, करतो" म्हणाला. तीन आठवडे खेपा घालायला लावल्या आणि मग माझ्यादेखत गॅसची बत्ती पेटवून असा भडका दिला की गॅरेजवाल्याचा रंग जळाला, सांधे सुटले आणि पुढची भिंत डोळ्यांसमोर वळली. वर म्हणाला, "पितळेला भंगारात भाव बरा आहे, मास्तर."

हसले सगळे. तेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला, "मामा, केबिन जाली?" आणि मी "जायत आयल्या", होत आलीय, म्हणालो. सत्तरीच्या उंबरठ्यावर पोराशी खोटं बोललो. ते काही गिळता येत नव्हतं.

आणि मग तुमचं दुकान. आकडी तुम्ही परत कोपऱ्यात ठेवलीत. मी डब्याचं झाकण काढायला लागलो, तेवढ्यात तुम्ही हात मागे नेऊन पंख्याचं बटण बंद केलंत.

मे महिना. दुपारचा पाऊण. वर पत्रे. मला वाटलं, सोनं तोलायच्या आधी तुम्ही पंखा बंद करता, काटा हलू नये म्हणून, त्या सवयीने हात गेला असेल. मी ओशाळून म्हटलं, "शेट, हें भांगर न्हय, पितळ." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "दिसता मरे. भांगर जड आसता, उबना. हें उबतलें." (सोनं जड असतं, उडत नाही. हे उडेल.)

शेट, मी तिथे स्टुलावर बसलो तो पाय लटपटत होते म्हणून. आठ महिने मी ती वस्तू दारोदार दाखवत होतो. कोणी किंमत विचारली, कोणी उपयोग विचारला, कोणी माझं वय. ती किती हलकी आहे हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही अजून ती हातातसुद्धा घेतली नव्हती.

पुढचे दोन तास काय काय केलंत ते सगळं लिहीत नाही. तुमच्या घरचं शिक्षण आहे ते, आणि अर्धं मला समजलंही नाही. पण काही गोष्टी मनात रुतून बसल्या आहेत. माझी बारीक टोकाची पंचवीस वॉटची इस्त्री (मी तिला सोल्डरिंगची इस्त्रीच म्हणतो) पाहून तुम्ही हसलात, पण त्या हसण्यात टवाळी नव्हती. "उजो चड, वेळ उणो," म्हणालात, म्हणजे आग जास्त, वेळ कमी. मंद आग घेऊन मी एकेका सांध्यावर बसून राहायचो, तेवढ्यात उष्णता अख्ख्या पत्र्यात पसरायची आणि मागचे सांधे सुटायचे. शेडवाल्याने आग जास्त दिली, पण हात उचलायचं विसरला. तुम्ही फुंकणी दोनदाच फुंकलीत. आणि आधीचे सांधे सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओली काव लावलीत, तुळशीवृंदावनाला लावतो तीच. कावेवर डाग, म्हणजे सांधा जोडायला वितळवतात तो धातू, पसरत नाही. माझ्याकडे दोन तऱ्हांचा डाग होता, एक १८८ अंशांना वितळणारा आणि एक १४५ ला, पण तो दोन तऱ्हांचा का दिलाय हे मी कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही इंग्रजी कागद न वाचता म्हणालात, आधी कडक, मग मऊ. सोन्यातही तसंच असतं म्हणे.

मुरडलेली भिंत तापवून, मऊ करून, लाकडी ठोकळ्यावर अंगठ्याने निवत निवत सपाट केलीत. अंगठ्याने! हातोडी घेतली नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, हातोडीने पत्रा पसरेल, मग विटांच्या ओळी वाकड्या दिसतील. म्हणजे तुम्ही विटा पाहिल्या होत्या. गॅरेजवाल्याला त्या दिसल्या नव्हत्या, आणि त्याचे डोळे तुमच्याहून तीस वर्षांनी तरुण.

घाम तुमच्या नाकावरून ओघळत होता. दोनदा तुम्ही तो बाहीला पुसलात. पंखा लावायला मी दोनदा उठलो, दोनदा तुम्ही मान हलवलीत. आतून वहिनींची हाक आली, शीत निवतं म्हणून. तुम्ही "येतां" म्हणालात आणि गेला नाहीत. माझ्यामुळे त्या दिवशी तुमचं जेवण साडेतीनला झालं, हे मला नंतर कळलं. वहिनींनाही या पत्रातून हात जोडतो.

मधेच तुम्ही विचारलंत, "हें खंयचें टेसन?" कशाला, कितीला, विकणार का, यातलं काही नाही. मी म्हटलं, केबिन विलायतेची आहे, उभी कुळ्याला करणार. चूक आहे खरं म्हणजे. पण आपली ही लाईन टाकणारी कंपनीही लंडनमध्येच उभी राहिली होती, हमी पोर्तुगीज सरकारची, आणि १८८८ मध्ये गाडी घाट चढून कॅसलरॉकपर्यंत गेली. तेव्हा एक विलायती केबिन पाहुणी म्हणून आली तर बिघडलं काय? तुम्ही मान डोलावलीत आणि हुबळीच्या मामाकडे जायचा तो प्रवास सांगितलात. कुळ्याला गाडी बराच वेळ थांबायची, घाटासाठी मागून आणखी इंजिन लावायचे, तेवढ्यात तुमचे वडील चहा घेऊन यायचे आणि गाडी सुटेल म्हणून तुम्ही रडायचात. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. त्या चढाची गोष्ट सांगताना तुमचा हात मात्र जिन्याच्या तुटलेल्या पायऱ्यांवर होता, आणि त्या कधी जागेवर बसल्या ते मला दिसलंही नाही.

चांगुलपणावर व्याख्यान द्यायची मला जुनी खोड आहे, माझे विद्यार्थी साक्ष देतील. एवढंच म्हणतो: मोठ्या संकटात धावून येणारी माणसं आपल्या गावात पुष्कळ आहेत. पूर आला, घर कोसळलं, कोणी आजारी पडलं, की रात्री दोन वाजतासुद्धा येतात. माझं संकट अडीच इंची होतं. त्याला संकट म्हणायची मलाच लाज वाटत होती. तुम्ही ते त्याच्या मापाने मापलंत, लहान म्हणून उडवून लावलं नाहीत आणि उगाच मोठंही केलं नाहीत. शेडवाल्याला माझ्याबद्दल राग नव्हता, मला माहीत आहे. त्याला घाई होती. घाई तुम्हालाही होती, पोटात भूक होती.

रंगाचं म्हणाल तर तुम्ही एकच सांगितलंत, पितळेचं तोंड धुतल्याशिवाय त्याला काही धरत नाही. मी सोलांच्या पाण्यात घासून काढली, देवघरातली समई घासतो तशी, आणि त्यानंतर बोट लावलं नाही, चिमट्यानेच उचलली. वरून पितळेला धरून राहणारा प्रायमर, तोही इतका विरळ की विटा मोजता याव्यात. मग भाच्याने फोनवर सांगितलेल्या दोन बदामी छटा, एक फिकी, एक गडद. स्विंडनच्या त्या रेल्वेचे रंग म्हणे असेच असत. पावसात एकेक हात सुकायला तीन तीन दिवस लागले. काल नखाने ओरखडून पाहिलं. निघत नाही. खिडकीच्या पट्ट्या पांढऱ्या केल्यात, श्वास धरून. आणि हो, पंखा बंद करून.

चवथीला भाचा येतोय. त्याला केबिन दाखवीन आणि मग तुमच्या दुकानात घेऊन येईन. खोटं बोललो होतो तेही सांगून टाकलंय. तो हसला.

आता एक राहिलं. त्या दिवशी सगळं झाल्यावर तुम्ही हुश्श करून बटण दाबलंत, पंखा फिरला, आणि धुरांड्यावरचं तीळभर टोपण काउंटरवरून उडालं. मग बॅटरी घेऊन आपण दोघे गुडघ्यांवर, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त हळहळ. सापडलं नाही. मी तात्पुरती मोहरी चिकटवून त्यावर रंग दिलाय, लांबून कळत नाही. पण केरातून सोन्याचे कण काढणारा झारेकरी तुमच्या दुकानाचा केर न्यायला येईल तेव्हा त्याच्या कानावर घालून ठेवा. सोनं त्याचं त्याने घ्यावं, पितळेचा एक बारीक तुकडा निघाला तर तो मास्तरांचा.

तुमचा,
मास्तर