आईच्या गुडघ्यामागचे हात

आईच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण होऊन चार महिने झाले. काल ती सदाशिव पेठेतल्या आमच्या घराचे दोन जिने कठड्याला नुसता हात लावून उतरली आणि सारसबागेतल्या गणपतीचं दर्शन घेऊन आली. म्हणून हे लिहितेय.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई, पहिल्या आठवड्यात टाच गादीवरून मागे सरकवताना आई रडायची. तुम्ही घाई केली नाहीत. रोज कोन मोजून वहीत लिहायचात. 90 अंश झाले त्या दिवशी आईने वॉकर धरून उभं राहून तुमच्यासाठी शिरा केला! गुडघा वाकतोय पण मनातली भीती जात नाहीये, हे ओळखून योगवर्गाच्या काकूंना फोनही तुम्हीच केलात.

काकू, तुम्ही आधी ताईंना सगळं विचारलंत, मगच सुरुवात केलीत. वज्रासन आणि मांडी घालणं बंद. भिंतीला टेकून ताडासन, खुर्चीवर बसून दीर्घ श्वास, पलंगावरच शवासन. त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी सलग झोपली. मी मात्र जागीच होते, तिचा श्वास ऐकत.

आणि वर्गाला नेणारे रिक्षावाले दादा, तुम्ही दर वेळी अगदी पायरीला रिक्षा लावून थांबायचात. तुम्हा तिघांनाही आईचा आणि माझा मनापासून नमस्कार.