क्षेपणास्त्र होते, पण नेम?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘मी-24’ या सोव्हिएत लढाऊ हेलिकॉप्टरवरचा लेख आवडला. छायाचित्राखालची ओळ तेवढी खटकली. चित्रातले यंत्र ‘मी-24ए’ आहे; सपाट काचांची ती ऐसपैस केबिन नंतरच्या ‘मी-24डी’ला नव्हती, त्याला पुढेमागे दोन फुगीर घुमट होते. ओळीत मात्र ‘श्तुर्म क्षेपणास्त्रांनी सज्ज’ असे छापले आहे. ‘ए’वर असायचे ते फालांगा; दोन्ही रणगाडाविरोधी, पण फालांगा आधीचे. कोणी म्हणेल, क्षेपणास्त्राच्या नावावरून एवढा काथ्याकूट कशाला? पण सोव्हिएत अभियंत्यांची खरी डोकेदुखी याच दोन नावांच्या मधल्या काळात आहे.

माझी सगळी नोकरी नियंत्रण प्रणाली शिकवण्यात गेली, त्यामुळे स्फोटकापेक्षा मला ते वळवणारी दांडी धरणाऱ्या हाताचे कुतूहल जास्त. विमानांच्या तोफांसाठी नावाजलेल्या अलेक्सांद्र नुदेलमान यांच्या आरेखन कार्यालयाने 1960 च्या सुमारास फालांगा तयार केले, तेही जमिनीवरच्या गाडीसाठी. सुटलेल्या क्षेपणास्त्राला वळवण्याच्या आज्ञा तारेतून नव्हे, रेडिओवरून जात. पुढे ‘मी-1’ हेलिकॉप्टरवर प्रयोग झाले, ‘मी-4एव्ही’वर चार बसवली. बसवणे सोपे होते. नेमबाजाने एका डोळ्यात रणगाडा, दुसऱ्यात क्षेपणास्त्राच्या शेपटीची ज्योत अशी कसरत करत दांडी हलवायची, आणि बूड थरथरत्या हेलिकॉप्टरात! हात जरा जास्त वळला की क्षेपणास्त्र पलीकडे. घाईने मागे ओढला की अलीकडे. डोळ्यापासून हातापर्यंतच्या विलंबामुळे असे झोके येणारच, ते आमच्या फळ्यावरही येत. शिवाय तोवर वैमानिकाला मनासारखे वळायचीही सोय नाही.

कोलोम्ना शहरातल्या आरेखन कार्यालयाचे सेर्गेई नेपोबेदिमी यांचे माल्युत्का क्षेपणास्त्र वजनाने जेमतेम 11 किलो, मागे तार सोडत जाणारे. निर्यातीच्या काही ‘मी-8’वर अशी सहा लावत. दांडीची कसरत तिथेही तीच.

सुटका झाली ती फालांगा-पी ही सुधारित आवृत्ती आल्यावर. नेमबाजाने दुर्बिणीतली फुली फक्त रणगाड्यावर धरायची. ज्योत किती सरकली हे उपकरण अवरक्त किरणांनी मोजून दुरुस्तीची आज्ञा स्वतः पाठवी. दुर्बिणीला जायरोचा, म्हणजे तिला स्थिर राखणाऱ्या फिरत्या चाकाचा आधार, म्हणून थरथर आड येईना. माझ्या मते खरी झेप ही. ध्वनीपेक्षा वेगवान, 5 किलोमीटर पल्ल्याच्या श्तुर्मचे कौतुक नंतरचे. ते वेळेवर तयार होईना म्हणून तर फालांगा-पी लावून ‘मी-24डी’ बाहेर काढावे लागले. आणि श्तुर्म घडले तारवाल्या कोलोम्नातच, पण आज्ञा घेई रेडिओवरून.

दुरुस्ती छापताना ‘फालांगा-एम’ (‘ए’वरची ती दांडीने वळवायची आवृत्ती) असे लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक