चार किलोंचा हिशेब

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
१६ मार्च

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "ट्रक अकरा हजार पौंड ओढतो म्हणतेस, मग आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या वजनाचं काय एवढं घेऊन बसलीस?" मी बोलणार तोवर आईने फोन घेतला आणि गाडी कैऱ्यांच्या भावावर गेली. म्हणून सविस्तर लिहितेय. जूनमध्ये तुम्ही आलात की चौघांनी आमच्या पिकअप ट्रकमागे राहायचा ट्रेलर जोडून यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं हे पक्कं आहे. फक्त बॅगा भरायला घेण्याआधी हे वाचा.

अकरा हजार पौंड, म्हणजे पाच टन, हा झाला ओढण्याचा आकडा. जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरात असतो आणि विकणाराही तोच सांगतो. पण त्याच्या कितीतरी आधी दुसरा आकडा संपतो, तो म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर किती घेतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. आमच्या ट्रकचं १,६२० पौंड, म्हणजे ७३५ किलो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचाही हा आकडा सारखा नसतो. छताला काच आणि गुबगुबीत सीटा घेतल्या की तेवढा तो खाली येतो.

आता ट्रेलर. तीस फुटी, आत दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम. सामानासकट भरतो ३,१७५ किलो. यातलं १० ते १५ टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या दांडीवरून ट्रकच्या मागे जोडणीसाठी असलेल्या लोखंडी गोळ्यावर पडायलाच लागतं. बाबा, बैलगाडी उलाळ (मागे जड) झाली किंवा धुरजड (पुढे जड) झाली की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार! इथे उलाळ झालेला ट्रेलर मागून डुलायला लागतो, आणि तो डुलायला लागला की ट्रकलाही डुलवतो. फार धुरजड झाला तर ट्रकचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. आम्ही ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून घेतलं. दांडीवर ४१० किलो येतात. बरोबर मधोमध.

मग करा वजाबाकी. ७३५ मधून ४१० गेले, जोडणीच्या लोखंडाचे ४५ गेले, राहिले २८०. मी आणि तुमचे जावई मिळून १४६. उरले १३४. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा दोघांचं मिळून १३० भरलं होतं. म्हणजे हातात चार किलो. सायकली आणि जनरेटर घरीच ठेवणार आहोत, तरीही चारच.

"मग बॅगा ट्रेलरमध्ये टाकू," असं बाबा म्हणणार, मला ठाऊक आहे. टाकू, पण ट्रेलरमधल्या सामानाचाही साधारण आठवा हिस्सा दांडीवरून ट्रकवर येतोच. विमानाच्या चार मोठ्या बॅगा म्हणजे ९२ किलो, त्याचे झाले बारा. तेव्हा मोठ्या बॅगा इथे घरी राहतील आणि प्रवासाला एकेक पिशवी. पाण्याची टाकीसुद्धा रिकामीच नेतो आम्ही. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, आणि आमची टाकी नेमकी चाकांच्या मागे, भरली की ट्रेलर उलाळ. मुक्कामाला नळ असतो, तिथे पाइप लावायचा.

आईला भीती आहे ती ट्रेलर सुटण्याची. आई, जोडणी मी स्वतः करते आणि त्या वेळी कुणाला बोलू देत नाही. आधी जॅकने दांडी खाली उतरवून गोळ्यावर बसवायची, खटका लावायचा, त्यात पिन घालायची. मग जॅक उलटा फिरवून दांडी वर उचलून बघायची. ट्रकचा मागचा भागही बरोबर उचलला गेला तर खटका बसला, नाहीतर परत पहिल्यापासून. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुली मारून अडकवायच्या, म्हणजे सुटलीच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. शेवटी एक बारीक तार. ट्रेलर खरंच तुटून निघाला तर ती ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या जाड कांबींनी दांडीवरचा काही भार पुढच्या चाकांवर जातो, ट्रक सरळ राहतो. स्टिकरवरचा आकडा मात्र त्याने वाढत नाही.

मला खरी धास्ती वाऱ्याची वाटते. वाटेत वायोमिंगमध्ये लॅरमीहून रॉलिन्सकडे जाताना एल्क माउंटनच्या आसपास वारा असा आडवा येतो की कधी कधी हलक्या, उंच गाड्यांना तो रस्ताच बंद करतात. गेल्या वर्षी तिथे एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला. त्याच्या हवेने आधी ट्रेलर बाहेर ढकलला, मग आत ओढला. आरशात ट्रेलरची मागची कड एकदा या बाजूला दिसली, एकदा त्या बाजूला. अशा वेळी पाय ब्रेककडे धावतो, तो धावू द्यायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डखालची छोटी कळ हाताने दाबून नुसत्या ट्रेलरला ब्रेक लावायचे. दोन झोक्यांत शांत झाला. तेव्हापासून वाऱ्याचा अंदाज बघून पहाटेच निघतो. लोक ताशी १३० ने जातात तिथे मी शंभरच्या वर जात नाही. डिझेल नव्हे, पेट्रोलच, आणि लिटरला जेमतेम चार किलोमीटर, हेही आधीच सांगून ठेवते. नंतर ओरडू नका.

घाट एकच मोठा, टोगवोटी, २,९४४ मीटर. चढाचं काही नाही. उतारावर बाबांचा आंबा घाटातला नियम, ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं. इथे एक बटण दाबलं की गाडी खालचा गिअर धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत. तुम्ही पुढे माझ्या शेजारी बसा आणि लक्ष ठेवा. चालवायला मिळणार नाही, इन्शुरन्समध्ये तुमचं नाव नाही. रिव्हर्सला मात्र मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" करायचं काम तुमचंच, जावयांचे हातवारे मला आजतागायत कळलेले नाहीत.

आई, चालत्या ट्रेलरमध्ये बसायचं नसतं, तेव्हा चहा थांबल्यावरच. यलोस्टोनला फिशिंग ब्रिजच्या मुक्कामतळावर जागा मिळाली आहे. तिथे अस्वलांमुळे तंबू लावूच देत नाहीत, भक्कम भिंतीच्या गाड्याच लागतात. म्हणजे "अस्वल आलं तर?" हा तुझा आवडता प्रश्न निकालात निघाला.

आता एवढंच करा. दोघांनी किराणा दुकानातल्या काट्यावर उभं राहून वजन कळवा, अंदाजे नको. आई, तूसुद्धा, आणि खरं सांग. उरलेल्या चार किलोंत कांदा-लसूण चटणी आणायची की बाबांची ती जाडी बॅटरी, ते आपसांत ठरवा. माझं मत चटणीला.

तुमची,
मुलगी