पुण्याला नाही म्हटलंय

चोपडा, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा "ठेव आता" म्हणाले असते, म्हणून लिहितोय. पुण्याच्या कंपनीच्या नोकरीला मी परवाच "नाही" कळवलं. आधी विचारायला हवं होतं, चुकलंच. पण विचारलं असतं तर आई रडली असती आणि मी मुकाट गेलो असतो.

ज्याच्या प्रचारात राबलो तो माणूस निवडणुकीत पडला, आता तिथे काय ठेवलंय, असं तुम्हाला वाटणार. खरंय. २३ नोव्हेंबरला निकालानंतर कार्यालयात खुर्च्या मोजणारा मंडपवाला आणि मी, दोघंच. पण मतदानाच्या आदली, १९ची रात्र तुम्हाला सांगितलीच नव्हती. आपल्याच एकाने गाडीत पैशांची पाकिटं ठेवली. "यादी तुला पाठ, तूच वाट." कोणाची सून माहेरी, कोणाचा पोरगा सुरतला, सगळं मी दारोदार फिरून टिपलेलं, ते काय यासाठी? उतरलो. पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू. पहाटे साडेपाचला तरी एजंट म्हणून बूथवर हजर. मॉक पोलची, म्हणजे चाचणीची ५० मतं, मग मशीन क्लिअर, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद. संध्याकाळी १७-सीची, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची प्रत घेतली, माझ्या वहीतल्या रेघांशी ताळा केला. जुळला. त्या बूथवर आपण मागेच होतो म्हणा.

लोक अजून येतात, केळीच्या पीकविम्याचे कागद घेऊन. त्यांना पुण्याहून काय सांगू? सकाळी सेतू केंद्रात काम मिळालंय, खोलीभाडं निघतं. डब्याला कळण्याची भाकरी असते. आईसारखी नाही, पण असते. आणि १९३६ ला आबा काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनात पाणी वाटायला पळाले, ते कुठे घरी विचारून? (नेहरूंपेक्षा त्यांना तिथला गूळच जास्त आठवायचा.)

बाबा, पोळ्याच्या गर्दीत मी हरवलो होतो तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं खांद्यावर घेतलंत. तसंच घ्या.

आता ऐका. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला एकटे जायचं नाही. बूट घालायचे, चप्पल नाही. साखर तपासून आकडा मला फोनवर सांगायचा, "बरंय" चालणार नाही. आईने गुडघ्याचं तेल कोमट करून लावायचं, उन्हात ठेवून नाही. माझ्यावर राग असला तरी गोळी चुकवायची नाही.

शनिवारी येतो. बामणोदची वांगी मिळाली तर आणून ठेवा, भाजायला मी बसेन.

तुमचा,
बाळू