लष्कराच्या रानातला एक सीझन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात मागे एका आईचं पत्र आलं होतं, मुलाने पर्यावरणशास्त्रात एमएससी केलंय आणि नातेवाईक विचारतात पक्षी मोजून पोट भरतं का. ताई, हाच प्रश्न मी माझ्या लेकीला विचारला होता आणि आज त्याचं वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

मी मूळची साताऱ्याची, बरीच वर्षं झाली इथे नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहते. आपली मराठी मंडळी बहुतेक सगळी कॉम्प्युटरमध्ये नाहीतर औषध कंपन्यांत, त्यात मुलगी वाइल्डलाइफ बायॉलॉजी शिकली आणि म्हणाली मी फोर्ट ब्रॅगला चार महिने फील्डवर्कला जातेय. फोर्ट ब्रॅग म्हणजे आर्मीचा बेस, दीड लाख एकरांहून मोठा. तासावर पगार, ऑगस्टला काम संपणार, हेल्थ इन्शुरन्स नाही. इथे 26 वर्षांपर्यंत आईवडिलांच्या इन्शुरन्सवर राहता येतं म्हणून निभावलं.

तोफा उडवतात तिथे पक्ष्यांचं काय काम, हे मला खरंच कळत नव्हतं. मग तिने सांगितलं की अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे अडीच कोटी एकरांच्या आसपास जमीन आहे आणि 1960 चा साइक्स ॲक्ट म्हणून कायदा आहे, त्यात 1997 ला बदल झाला आणि तेव्हापासून जिथे जिथे निसर्ग शिल्लक आहे त्या प्रत्येक बेसला तिथली झाडं, पाणी, प्राणी कसे सांभाळणार याचा लेखी प्लॅन करावाच लागतो. आणि प्लॅन करायचा म्हणजे आधी मोजायला कुणीतरी पायी हिंडायला पाहिजे. ही मुलं तेच करतात.

तिचं काम होतं रेड-कॉकेडेड वुडपेकरवर. बुलबुलाएवढा सुतार पक्षी, पण जिवंत पाईनच्या खोडात ढोली करतो, एका ढोलीला कधी कधी काही वर्षं लागतात, आणि भोवती सालीला टोचे मारून ठेवतो म्हणजे राळ गळत राहते आणि साप वर चढत नाही. पहाटे उजाडायच्या आत निघायचं, रेडिओवर रेंज कंट्रोलला, म्हणजे गोळीबार कुठे चालू आहे ते बघणाऱ्या ऑफिसला, विचारायचं, फायरिंग असेल तर तो भाग बंद, आणि जमिनीवर धातूचं काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही. लांब काठीला कॅमेरा लावून ढोलीत अंडी किती पिल्लं किती बघायचं, पिल्लू आठवड्याचं झालं की खोडाला शिडीचे तुकडे बांधत वर चढायचं, त्याला अलगद बाहेर काढून पायात रंगीत कड्या घालायच्या आणि परत ठेवायचं. पुढे त्या कड्यांवरून कोण जगलं, कोण कुठे गेलं ते कळतं.

घरी यायची तेव्हा पँट मोज्यात खोचून वरून टेप मारलेली असायची. बेसिनवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर ओळीने चिकटवलेल्या पाच-सहा गोचिड्या. हाताची राळ साबणाने निघायची नाही, मी खोबरेल तेल चोळून काढायचे, आणि ती तेवढ्या वेळात मला सांगत बसायची की या जातीत थोरला मुलगा बऱ्याचदा घर सोडून जात नाही, आईबापांबरोबर धाकट्या पिल्लांना भरवतो. तेव्हा पहिल्यांदा मी नीट ऐकलं.

1990 च्या सुमाराला याच पक्ष्यासाठी फोर्ट ब्रॅगच्या ट्रेनिंगवर बंधनं आली होती, सैनिकांना ते अजिबात आवडलं नव्हतं. मग झाडांत तयार खोपे बसवले, जंगल ठरवून पाळीपाळीने जाळायला लागले कारण या पाईनच्या जंगलाला अधूनमधून आगीची गरज असते, आणि दरवर्षी मोजणी चालू ठेवली. 2006 मध्ये ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं, बंधनं सैल झाली, ऑक्टोबर 2024 मध्ये हा पक्षी सरकारी यादीत 'एंडेंजर्ड'मधून एक पायरी खाली 'थ्रेटन्ड'मध्ये आला, म्हणजे धोका कमी झाला. तोफगोळ्यांनी लागणाऱ्या आगींमुळे टिकलेलं सेंट फ्रान्सिस सॅटर नावाचं एक फुलपाखरू पण फक्त याच बेसवर आहे.

इथेही सगळं चांगलं नाही. इतकं कौशल्याचं काम आणि मुलांना दर सीझनला नवं गाव, नवी खोली शोधावी लागते, दोन-तीन वर्षांत चांगली तयार झालेली मुलं कंटाळून सोडून जातात, याचा मला राग येतो. आणि तिकडून इकडे शिकायला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बेसवरच्या बऱ्याच जागांना अमेरिकन सिटिझनशिप लागते, स्टुडंट व्हिसावर मिळेल असं धरून चालू नका.

आता आपल्याकडचं. भारताच्या संरक्षण खात्याने 17.78 लाख एकर जमिनीची मोजणी 2022 च्या सुरुवातीला पूर्ण केली, म्हणजे हद्दी कळल्या. इको बटालियन आपल्याकडे 1982 पासून आहेत, त्यात माजी सैनिक झाडं लावतात, फार मोठं काम आहे ते. पण त्या हद्दीच्या आत माळरानावर काय जगतंय, हे दरवर्षी मोजायला पगारी पोरं का नकोत? अहिल्यानगरच्या के. के. रेंजसारख्या लष्कराच्या सरावाच्या ठिकाणी फायरिंग नसेल त्या दिवशी, लष्कराच्या परवानगीने, पोलीस व्हेरिफिकेशन करून, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली दहा मुलं चार महिने ठेवा. फुकट व्हॉलंटियर म्हणून नको, पगार द्या, विमा द्या, चांगले बूट द्या. त्या ताईंचा मुलगा पहिला अर्ज करेल.

आपली,
एक वाचक, कॅरी, नॉर्थ कॅरोलिना