१४५६७ हा नंबर सोसायटीत सगळ्यांच्या नजरेस पडेल असा लावण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहरचना संस्था,
कोथरूड, पुणे

विषय: ज्येष्ठ नागरिकांच्या मोफत हेल्पलाइनची माहिती सर्व विंगमध्ये लावणे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ब विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावर जे घडलं, त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

आमच्या समोरच्या आजी ८१ वर्षांच्या. एकट्या राहतात, मुलगा परदेशात. बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात नेणं, प्लास्टर, परत आणणं हे सगळं शेजाऱ्यांनी केलं. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. वेणी कोण घालणार, पोळ्या कोण लाटणार, गोळी पाकिटातून कोण काढून देणार? एका एजन्सीने आठवड्याचे पैसे आगाऊ घेऊन बाई पाठवली. चौथ्या दिवशी ती आलीच नाही आणि एजन्सीचा फोनही कुणी उचलेना. आजींनी मला तीन दिवस काही सांगितलं नाही. ‘तुझी सकाळची किती घाई असते गं’ म्हणाल्या. ते तीन दिवस त्यांनी दूध आणि बिस्किटांवर काढले. माझं दार त्यांच्या दारापासून सहा पावलांवर आहे. हे मला अजून टोचतं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने १४५६७ हा नंबर दिला. ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, एल्डरलाइन. २०१७ साली टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने ती हैदराबादेत सुरू झाली, आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ती देशभर नेली. महाराष्ट्रात ती आपल्याच पुण्यातली जनसेवा फाउंडेशन ही संस्था चालवते. सकाळी ८ ते रात्री ८, आठवड्याचे सातही दिवस. फोनला पैसे पडत नाहीत.

रविवारी सकाळी मी आजींच्या शेजारी बसून फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, ‘बिल येणार नाही ना?’ मग, ‘मराठीत बोलतील ना?’ पलीकडची मुलगी मराठीतच बोलली. कुठे राहता, सोबत कोण आहे, हाताला काय झालंय, सगळं शांतपणे विचारून घेतलं. मदतनीस पुरवणाऱ्या जवळपासच्या संस्थांचे नंबर दिले आणि आधीच्या फसवणुकीची तक्रार कुठे करायची तेही सांगितलं. आजींनी ते नंबर डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून घेतले. ‘मी लिहून देते’ म्हटलं तर ऐकलं नाही. चार दिवसांनी तिकडूनच फोन आला, सोय झाली का ते विचारायला. त्या दिवशी आजी त्या मुलीशी बराच वेळ बोलत होत्या, आणि त्यात मनगटाचा विषय फारसा नव्हताच.

या हेल्पलाइनचं काम मदतनीस शोधून देण्यावर थांबत नाही. दवाखाने, विरंगुळा केंद्रं, वृद्धाश्रम यांची माहिती मिळते. पेन्शन अडली तर कुठे जायचं ते सांगतात. घर नावावर करून दिल्यावर मुलं बघत नसतील किंवा घरात त्रास होत असेल, तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे दाद कशी मागायची हेही समजावतात. गरज पडली तर त्यांचे कार्यकर्ते प्रत्यक्ष येतात. आपल्याकडे असं काही नाही असं कृपया धरून चालू नये. बंद दाराआड काय चाललंय, हे आपल्याला समोरच्या घरातलंही कळत नाही, हे मी अनुभवाने सांगते आहे.

एक गोष्ट मात्र वॉचमनपासून सगळ्यांना स्पष्ट माहीत हवी. कुणी पडलं, छातीत दुखू लागलं तर १४५६७ लावण्यात वेळ घालवायचा नाही. अॅम्ब्युलन्ससाठी १०८, पोलीस किंवा कुठल्याही तातडीसाठी ११२. आणि रात्री-अपरात्री मन फार खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तोही मोफत आहे.

आता विनंती. तळमजल्यावरच्या नोटीस बोर्डावर हे लावून काम भागणार नाही. तिथे पाण्याच्या टँकरची, पार्किंगची, थकबाकीची इतकी पत्रकं असतात की चष्मा लावून उभं राहून वाचणं सत्तरीच्या माणसाला जमत नाही. प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या शेजारी, मोठ्या ठसठशीत अक्षरांत फक्त हे चार नंबर आणि प्रत्येकापुढे एक ओळ, एवढाच कागद असावा. तोच वॉचमनच्या केबिनमध्ये, आणि एकेक प्रत प्रत्येक घरी. भाडेकरूंच्या घरीही, हे मुद्दाम लिहिते. लेकाकडे चार-सहा महिने राहायला लातूर-नांदेडहून आलेले आई-वडील आपल्या सभासदांच्या यादीत नसतात, आणि या शहरात त्यांच्या ओळखीचं कुणीही नसतं.

याहून महत्त्वाचं, पहिला फोन लावताना सोबत कुणीतरी हवं. नंबर आजींच्या हातात नुसता दिला असता तर त्यांनी तो जपून ठेवला असता आणि लावला नसता. कुणाला त्रास द्यायचा नाही ही सवय त्यांनी आयुष्यभर पाळली आहे. म्हणून प्रत्येक विंगमधून दोघांची नावं घ्यावीत, जे बोलावल्यावर घरी जाऊन शेजारी बसून फोन लावून देतील. ब विंगसाठी माझं नाव लिहून घ्यावं. आजींनाही विचारलं आहे, हात बरा झाला की त्याही येणार म्हणाल्या.

कागदाचा नमुना मी तयार केला आहे, छपाई आणि लॅमिनेशनचा खर्च मी करेन. समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि मला पाच मिनिटं बोलू द्यावं. नवरात्रात सगळे खाली जमतात, तेव्हा हेल्पलाइनच्या कुणाला माहिती द्यायला बोलावता येईल का, हे सचिवांनी फोन करून विचारावं ही विनंती. त्यांनी सांगितलं तर मीही विचारेन.

कळावे,
आपली,
ब विंग, तिसरा मजला येथील सभासद

सोबत: लिफ्टमध्ये लावायच्या कागदाचा नमुना, १ प्रत
प्रत माहितीसाठी: मा. सचिव, मा. खजिनदार